साष्टीच्या लेण्यांची छायाचित्रे आणि यथादर्शनाची दुरुस्ती

बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत, दोन्ही टोकांस एकेक याप्रमाणे, बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती कोरलेल्या आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे २३ फूट भरते. मूर्तीजवळ उभे राहणाऱ्यास मान वर करूनच मुखाकडे पाहावे लागते, आणि हातातला कॅमेराही मानेबरोबर वर कलतो. अशा वेळी घेतलेल्या छायाचित्रात पाय रुंद व भक्कम दिसतात, खांदे अरुंद होत जातात, मस्तक लहान होऊन मागे झुकल्यासारखे भासते. ओसरीच्या दोन्ही कडांच्या उभ्या रेषा वर कोठेतरी एकमेकींस भेटावयास निघाल्या आहेत असे वाटते. घरी आल्यावर संगणकावर किंवा मोबाइलवरच या चित्राचे चार कोपरे धरून ओढले, म्हणजे रेषा सरळ होतात, नको असलेला भाग कापला जातो आणि एक नीटनेटके आयताकार चित्र हाती येते. हे काम आज काही क्षणांचे झाले आहे. परंतु असे सरळ केलेले चित्र लेण्यांच्या अभ्यासात पुरावा म्हणून कितपत स्वीकारावे, हा प्रश्न मात्र क्षणात सुटणारा नाही. आणि साष्टीच्या लेण्यांपुरते पाहिले तर तो दोनशे वर्षांचा जुना आहे.

प्रथम दोषाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे, कारण येथे दोन भिन्न दोषांची नेहमी गल्लत होते. कडेच्या सरळ रेषा धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसणे हा भिंगाचा दोष होय. १८६६ साली लंडनचे डालमायर आणि जर्मनीतील स्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी बनविलेल्या जोडभिंगांनी तो पुष्कळ अंशी दूर झाला. रेषा सरळ राहूनही समांतर न राहणे हा दुसरा प्रकार. त्यात भिंगाचा काही अपराध नाही. दूरची वस्तू लहान दिसते एवढाच त्याचा अर्थ, आणि हाच चित्रकारांचा यथादर्शनाचा नियम होय. इटलीतील आल्बेर्ती याने १४३५ मध्ये तो ग्रंथबद्ध केला. रेल्वेचे रूळ क्षितिजावर मिळालेले दिसतात याचे कोणास नवल वाटत नाही. तोच प्रकार उभ्या भिंतीच्या बाबतीत घडला की तो डोळ्यांस खटकतो, कारण भिंत उभी आहे हे मनास आधीच ठाऊक असते. कॅमेऱ्यातील काच भिंतीस समांतर धरली तर उभ्या रेषा समांतरच उमटतात. काच कलली की त्या मिळू लागतात. तेव्हा ‘दुरुस्ती’ म्हणजे वास्तविक पाहता कललेल्या काचेवरील चित्र, काच कललीच नव्हती असे कल्पून, पुन्हा मांडणे होय.

कॅमेरा येण्यापूर्वी ही मांडणी चित्रकाराचा हातच करीत असे. साष्टीच्या लेण्यांविषयी युरोपात कुतूहल फार लवकर उत्पन्न झाले. रिचर्ड गॉफ याचे या विषयावरील पुस्तक १७८५ सालचे आहे. हेन्री सॉल्ट याने साष्टीतील लेण्यांचे सचित्र वर्णन लिहिले, ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्या खंडात १८१९ मध्ये प्रसिद्ध झाले. असा चित्रकार जेथे उभा असे तेथून दिसणारे रूप जसेच्या तसे काढीत नसे. खांब उभे असतात हे जाणून तो ते उभेच काढी. म्हणजे सुधारणा चित्र काढतानाच, मनातल्या मनात, होऊन जाई आणि तिची खूण मागे राहत नसे. जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांची रेखाटने करताना ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचे लोलकाचे उपकरण वापरले. या उपकरणामुळे समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते आणि पेन्सिल त्यावरून फिरवावयाची असते. १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेणीविषयक चित्रसंग्रहाची प्रतिष्ठा पुष्कळ अंशी या यांत्रिक विश्वासार्हतेवर उभी होती.

यानंतर दहा वर्षांच्या आतच मुंबईत छायाचित्रणाने मूळ धरले. १८५४ मध्ये मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेकडे वळलेल्या पहिल्या मराठी मंडळींपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर तिला व्यवसायाचे रूप दिले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी व मध्ये कातडी भाता. आज अवजड वाटणाऱ्या या यंत्रात एक सोय होती, ती हातात मावणाऱ्या पुढच्या कॅमेऱ्यांत हरवली. भात्यामुळे भिंगाची फळी मागच्या काचेपासून स्वतंत्रपणे वर सरकविता येई. छायाचित्रकार काच ओळंब्यात उभी ठेवी आणि भिंग तेवढे वर चढवी. उंच वास्तूचा माथा चित्रात येई, तरी उभ्या रेषा समांतर राहत. दुरुस्तीची गरजच पडू नये, हा त्या दुरुस्तीचा सर्वांत जुना मार्ग. छोट्या कॅमेऱ्यांच्या युगात सरकत्या भिंगांच्या रूपाने ही युक्ती १९६० च्या दशकाच्या आरंभी परत आली. मधल्या काळात अंधाऱ्या खोलीत छाप काढताना कागदाची फळीच उलट दिशेस कलती करून रेषा सरळ करण्याचा रिवाज होता. फळी कलती केली की चित्राचा एक भाग अस्पष्ट होतो. तो स्पष्ट ठेवण्यासाठी भिंग कोणत्या कोनात धरावे, याचा नियम ऑस्ट्रियन कप्तान थेओडोर शाइम्पफ्लुग याच्या नावाने ओळखला जातो. त्याचे १९०४ मधील पेटंट मात्र लेण्यांसाठी नव्हते. आकाशातून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांचे नकाशे करण्यासाठी होते.

मुंबईतील छायाचित्रकारांस कापाकापीचे वावडे होते, असे मात्र समजू नये. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातीजमातींच्या लोकांचे जे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये काढले, त्यांत माणसांची चित्रे एकीकडे घेऊन, त्यांच्या आकृती कापून, निराळ्या ठिकाणी घेतलेल्या दृश्यांवर बसविलेल्या आढळतात. माणसांची क्षितिजरेषा एक आणि पार्श्वभूमीची दुसरी, असा विसंवाद त्यामुळे संभवतो. एकाच चित्रात दोन क्षितिजे आली, तर त्या चित्रावरून माणसाच्या मानाने इमारतीची उंची काढणे व्यर्थ होय. आजच्या सॉफ्टवेअरने जे सोपे केले ते नवीन निर्माण केले असे नव्हे, याचा हा मुंबईतलाच दाखला.

लेण्यांच्या अभ्यासात दोन प्रकारच्या वस्तूंची चित्रे लागतात : शिलालेखांची आणि शिल्पांची. रेषा सरळ करण्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

शिलालेख हा साधारणतः सपाट पृष्ठभागावर असतो. सपाट पृष्ठाचे कोणतेही तिरपे छायाचित्र गणिताच्या साह्याने समोरून घेतल्यासारखे करता येते. या गणिताचा पाया फ्रेंच गणिती पाँसले याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रक्षेपीय भूमितीत आहे. एका प्रतलाचे दुसऱ्या प्रतलावर प्रक्षेपण ठरविण्यास आठ राशी लागतात. प्रत्येक बिंदूपासून दोन मिळतात. म्हणून चार बिंदू पुरेसे होतात. संगणकावर चारच कोपरे का धरावयाचे असतात, याचे उत्तर एवढेच आहे. १९९० मध्ये प्रथम विक्रीस आलेल्या फोटोशॉपच्या २०१२ च्या आवृत्तीत या कामासाठी स्वतंत्र हत्यार देण्यात आले. चौकोन आखावा, आणि यथादर्शनाची दुरुस्ती व कापणी एकदमच व्हावी, अशी त्याची रचना आहे. आता कागदपत्रांचे छायाचित्र घेणारे मोबाइलसुद्धा न विचारता हेच करतात.

येथे एक खोच आहे. चार कोपरे दिले म्हणजे चौकोनाचा आयत होतो खरा, पण तो आयत किती लांब व किती उंच हे त्या चार कोपऱ्यांवरून एकट्याने ठरत नाही. तीन फूट लांब व दोन फूट उंच असा लेखाचा चौकोन सॉफ्टवेअरने तीन फुटांस दोन फूट साडेतीन इंच या प्रमाणात मांडला, तर चित्र तितकेच सरळ व तितकेच विश्वसनीय दिसेल. मात्र त्यातील प्रत्येक अक्षर सुमारे १५ टक्के अधिक उंच झालेले असेल. इतर चित्रांत याने काही बिघडत नाही. कान्हेरीच्या लेखांत बिघडते, कारण तेथील बहुसंख्य लेखांत सन दिलेला नाही. चैत्यगृहाचा दानलेख यज्ञश्री सातकर्णीच्या राजवटीचा म्हणून ओळखता येतो, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील लेखांवर शककाल आहे. पण उरलेल्यांचा काळ पुष्कळदा अक्षरांच्या वळणावरूनच अजमावावा लागतो. उभ्या दांड्यांची लांबी, अक्षरांची रुंदी, मात्रांचा झोक हीच त्या अनुमानाची साधने. ज्या चित्रात दांडी लांब की आखूड हे सॉफ्टवेअरच्या अंदाजावर अवलंबून आहे, त्यावरून लेखाचा काळ ठरविणे म्हणजे अंदाजावर अंदाज रचणे होय.

जुन्या लेखविद्येने छायाचित्रापेक्षा ठशावर अधिक भिस्त ठेवली, त्यामागे हे एक सबळ कारण दिसते. ओला कागद दगडावर बसवून, कुंचल्याने ठोकून अक्षरांच्या खाचांत घालावयाचा आणि वर शाईची पुडी फिरवावयाची. कागद दगडास भिडलेला असल्यामुळे त्यात अंतर नाही, आणि अंतर नाही म्हणून यथादर्शनही नाही. इंचास इंच असे माप उतरते. ई. डब्ल्यू. वेस्ट याने कान्हेरीच्या लेखांच्या नकला १८६१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सेवेत अभियंता असलेल्या या विद्वानास मोजमापाचे महत्त्व निराळे सांगावयास नको होते. पुढे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. ९० व्या क्रमांकाच्या लेण्यातील पेहलवी लेख वेस्टनेच वाचले. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावे त्यांत आहेत. एका सपाट भिंतीवर कोरलेली ही नावे पश्चिम किनाऱ्यावरील पारशांच्या प्राचीन इतिहासाचा दिनांकित पुरावा आहेत, यावरून लेखाची नक्कल बिनचूक असणे किती मोलाचे आहे ते कळून येईल.

ठशाचे दोषही आहेत. कागद ठोकताना झिजलेल्या दगडास इजा पोहोचू शकते, आणि भेग व अक्षराची रेघ या दोहोंत शाई भेद करीत नाही. तेव्हा छायाचित्र टाकून देऊन भागणार नाही. ते सुधारूनच वापरले पाहिजे. त्याचा उपाय अवघड नाही. लेखाशेजारी त्याच प्रतलात एक मोजपट्टी आडवी व एक उभी ठेवून चित्र घेतले, तर सरळ केल्यानंतर दोन्ही पट्ट्या समान मापाच्या दिसेपर्यंत आयताचे प्रमाण बदलता येते. दगडावर काही ठेवणे शक्य नसेल तर आणखी एक मार्ग आहे. भिंगाचे नाभ्यंतर ठाऊक असेल आणि भिंगाचा मध्य चित्रात कोठे पडला हे माहीत असेल, तर चार कोपऱ्यांवरूनच आयताचे खरे प्रमाण बहुधा गणिताने काढता येते. अखंड चित्रात हा मध्य म्हणजे चित्राचाच मध्य असे धरून चालते. चित्र प्रथम कापले आणि मग सरळ करावयास घेतले, तर मध्य कोठे होता हे कळण्याचा मार्ग खुंटतो. आधी कापणे आणि मग सरळ करणे, ही क्रमातील चूक वाटते तितकी किरकोळ नाही; तिने मोजमापाची किल्लीच हरवते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यातील काचांसही ही अडचण लागू पडते हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण भिंग वर सरकविल्यावर त्याचा मध्य काचेच्या मध्यावर राहत नसे.

आता शिल्पाकडे वळता येईल. मूर्ती सपाट नसते, आणि वर सांगितलेले गणित एका वेळी एकाच प्रतलास लागू पडते. कान्हेरीच्या त्या उभ्या बुद्धाचे चित्र दहा फुटांवरून, डोळा पाच फूट उंचीवर ठेवून घेतले, असे समजू. मूर्तीचा माथा डोळ्याच्या वर १८ फूट आहे. मागील भिंतीचे प्रतल धरून चित्र सरळ केले, तर भिंतीवरील प्रत्येक बिंदू आपल्या जागी येईल. परंतु मस्तकाचा जो भाग भिंतीपासून एक फूट पुढे आला आहे, तो डोळ्यापासून दहा नव्हे तर नऊच फुटांवर आहे. त्यामुळे सरळ केलेल्या चित्रात तो १८ ऐवजी २० फुटांवर जाऊन बसेल. पायांजवळ ही चूक उलट दिशेने व अगदी अल्प असेल, वर जाता जाता ती वाढत जाईल. म्हणजे रेषा सरळ झाल्या आणि मूर्ती मात्र लांबली. तिचे मुख उभट झाले. हनुवटीची खालची बाजू, जी समोरून पाहणाऱ्यास दिसतच नाही, ती ताणून मोठी झाली. आणि उष्णीषाचा जो भाग खालून दिसला नव्हता तो कितीही ताण दिला तरी दिसणार नाही. शरीराचे ताल-प्रमाण, मुखाची लांबी व खांद्यांची रुंदी यांवरून शिल्पशैलीची चर्चा करणाऱ्यास असे चित्र झुकलेल्या चित्राहून अधिक फसवे ठरते. झुकलेले चित्र पाहताच ते खालून घेतले आहे हे कळते. सरळ केलेले ते कबूल करीत नाही.

यावर सॉफ्टवेअरपाशी उपाय नाही, अंतरापाशी आहे. ओसरीत जितके मागे सरता येईल तितके सरून, समजा ३० फुटांवरून, तेच चित्र घेतले तर तीच दोन फुटांची चूक सुमारे साडेसात इंचांवर येते. अनेक ठिकाणांहून चित्रे घेऊन त्यांवरून वस्तूचा घनाकार सिद्ध करणे हा याहून पक्का मार्ग. त्याचा जनक मानला जाणारा जर्मन वास्तुविद आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर १८५८ मध्ये वेत्स्लार येथील कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि मापे दोरीने घेण्याऐवजी छायाचित्रावरून का घेऊ नयेत, असे त्यास सुचले. १८८५ मध्ये बर्लिनला या कामासाठी प्रशियन सरकारची संस्थाच उभी राहिली. भारतातही मेजर रॉबर्ट गिल याने लेण्यांची जोडचित्रे घेतली होती, आणि त्याच्या ७४ छायाचित्रांसह फर्ग्युसनचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. जोडचित्रात खोली सामावलेली असते. त्यातील एकच अर्धे कापून पुस्तकात छापले की ती खोली गेली.

ताणण्याचा आणखी एक परिणाम सांगितला पाहिजे. कललेल्या चित्रात वरचा भाग लहान उमटलेला असतो, म्हणजे त्याच्या वाट्यास बिंदू कमी आलेले असतात. सरळ करताना तो पसरवावा लागतो आणि मधल्या रिकाम्या जागा शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन भरल्या जातात. हे भरलेले बिंदू दगडावर कधीच नव्हते. आकाशाच्या किंवा कोऱ्या भिंतीच्या बाबतीत त्याने काही होत नाही. लेख उंचावर असला आणि त्यातील एखादा अनुस्वार झिजून पुसट झाला असला, म्हणजे तो अनुस्वार दगडाचा की सरासरीचा, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर मूळ चित्राजवळच मिळू शकते.

मूळ चित्र राखण्याचा आग्रह साष्टीत विशेष धरला पाहिजे, कारण येथील दगड टिकाऊ असला तरी सर्वत्र सारखा नाही. अंधेरीच्या महाकाली लेण्यांचा खडक खूपच झिजला आहे. जोगेश्वरीच्या लेण्यात पाणी झिरपते आणि वस्ती त्याच्या माथ्यापर्यंत आली आहे. बोरिवलीजवळच्या मागाठाण्याच्या लेण्यांचे तर अवशेषच उरले आहेत. मंडपेश्वरच्या लेण्याचे पोर्तुगीज अमदानीत चर्च झाले. अशा ठिकाणी जुने छायाचित्र हे वस्तूचे चित्र न राहता वस्तूच्या जागी उभे राहते, आणि मग त्याच्या कडांनाही किंमत येते. एकोणिसाव्या शतकातील लेण्यांच्या अनेक चित्रांत खांबाशेजारी किंवा दाराच्या कडेस एखादा माणूस उभा केलेला असतो. त्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. वास्तूचा आकार कळावा म्हणून छायाचित्रकाराने त्यास तेथे उभे केले, आणि काच पुरी होईपर्यंत तो हलला नाही. चित्राची चौकट सरळ करून मध्यभाग तेवढा ठेवणारा प्रथम त्यालाच कापून टाकतो. आणि खांबाचा जो माथा पुढे कोसळला, त्याची उंची काढण्यास त्या चित्रात दुसरे माप नसते.